लेंडोरांच्या नांदेची अंघोळ

जुनी म्हणा, काळवंडलेली म्हणा, आंबूस वासाची म्हणा. मी रागावणार नाही, कारण तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मित्रांनो, मी एक लाकडी नांद आहे. पिंपाहून कितीतरी मोठी. उंच माणूस माझ्या तळाशी उभा राहून हात वर करतो, तेव्हा कुठे त्याची बोटं माझ्या काठाला लागतात. ग्रेनाडा बेटावर, सेंट पॅट्रिकच्या उतारावर नदी जिथे वळते, तिथे लेंडोर घराण्याचं रमचं गुऱ्हाळ आहे. तिथल्या आंबवणीच्या खोलीत आम्ही सहा नांदा ओळीनं उभ्या आहोत. दारापासून पहिली मी, आणि वयानंही पहिली मीच.

रमचं नाव ऐकून कोणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. आमच्याकडे मूल जन्मलं की उंबऱ्यावर रम शिंपडतात. होडी पाण्यात ढकलायच्या आधी तिच्या नाकावर शिंपडतात. तापानं फणफणलेल्या लेकराच्या कपाळावर रमची पट्टी ठेवतात, आणि म्हातारं माणूस गेलं की त्याच्या अंगणात जागणाऱ्यांच्या हातात इवलासा पेला देतात. येताना आणि जाताना, दोन्ही वेळी बाटली लागते, आणि सेंट पॅट्रिकमध्ये ती लेंडोरचीच लागते. पांढरी, पाण्यासारखी नितळ, आणि घशाखाली उतरताना आपलं नाव सांगून जाणारी. एवढा अभिमान मला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म अठराशे त्र्याण्णवचा. या इस्टेटीचा मूळ मालक कधीच साहेबांच्या देशी निघून गेला होता. चाक मोडलेलं, काहिली गंजलेल्या, शेतात झुडपं. ती इस्टेट इझिकिएल लेंडोरनं विकत घेतली. इझिकिएल पनामाला कालवा खणायला गेला होता. तिथून पिवळा ताप अंगावर काढून आणि कमरेला घट्ट बांधलेली पुरचुंडी घेऊन तो परत आला. त्याची आजी अँजेलिक याच इस्टेटीवर गुलाम होती. साहेबाच्या जुन्या वहीत तिचं नाव काहिली आणि खेचरं यांच्या मधल्या ओळीत लिहिलेलं होतं. नातवानं ती वही जाळली नाही. ती अजून घरात आहे, कपाटात, मिरच्या ठेवतात त्या खणात.

इझिकिएलला मोठी नांद हवी होती. पिंपं बांधणारा कारागीर त्रिनिदादला निघून गेलेला. मग त्यानं शेजारच्या कारियाकू बेटावरून होड्या बांधणारा माणूस आणवला. ॲंगस मॅकफारलंड त्याचं नाव. लाल केसांचा, बोलायला कंजूष.

तो म्हणाला, "मिस्टर लेंडोर, मी होड्या बांधतो. पाणी बाहेर ठेवायचं, हा माझा धंदा."

"मग उलटी होडी बांध. रस आत ठेव."

"आणि गळली तर?"

"गळली तर तुला आत बसवीन आणि वरून झाकण ठोकीन."

ॲंगसनं गयानाचं कठीण लाकूड निवडलं. सांध्यांत डांबर भरलं नाही, रसाला वास लागेल म्हणून. सुका लव्हाळा ठासून भरला. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी दिवसभर रडल्यासारखी गळत राहिले. मग लाकूड फुगलं, फळी फळीला भिडली, आणि मी गप्प झाले. त्या दिवसापासून आजवर माझ्यातून एक थेंब गेलेला नाही. ॲंगसनं हट्ट धरला, की आपण बांधलेली वस्तू नावाशिवाय आणि मेजवानीशिवाय सोडायची नाही. मेंढा कापला गेला, ढोल वाजले, माझ्या काठावर रम शिंपडली गेली, आणि इझिकिएलनं स्वतःच्या हातानं काठावर नाव कोरलं. अँजेलिक. ज्या बाईला खेचरांच्या शेजारी लिहिलं, तिचं नाव त्याच इस्टेटीच्या सगळ्यात मोठ्या नांदेवर. तेव्हापासून येणारा-जाणारा मला 'मिस अँजेलिक' म्हणतो आणि दारातून आत येताना टोपी काढतो.

आता माझं काम ऐका. नदीचं पाणी चाकावर पडतं, चाक चरक फिरवतं, चरकातून उसाचा रस पन्हळीनं काहिलींकडे धावतो. पाच काहिली एका रांगेत. खाली चुलवणात वाळलेली चिपाडं. लांब दांड्याच्या पळ्यांनी बायका रस एका काहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत ओततात. हातांना ताल हवा म्हणून त्या गातात:

*उसाच्या पाल्यानं बाई, हात माझे चिरले,*
*तरी गं काहिलीत मी, गाणे माझे पेरले.*

हा आटवलेला रस निवला की माझ्यात येतो. मग तो आंबायला हवा, आणि इथेच माझी खरी करामत. तुम्ही दुधाला विरजण लावता ना? कालच्या दह्याचा चमचाभर? मला कोणी कधी विरजण लावलं नाही. ते आपलं आपण आलं. उसाच्या सालीवरच्या पांढुरक्या धुळीतून आलं, नदीवरच्या वाऱ्यातून आलं, खिडकीबाहेर पिकून पडणाऱ्या आंब्यांतून आलं, आणि माझ्या फळ्यांच्या छिद्राछिद्रांत घर करून राहिलं. दर हंगामाला रस आला की ते जागं होतं. पहिला दिवस शांत. दुसऱ्या दिवशी काठाशी फेसाची कड. तिसऱ्या दिवशी मी बोलू लागते. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज. आधी हळू, मग असा की शेजारी उभ्या माणसाला मोठ्यानं बोलावं लागतं. आठव्या दिवशी सगळं शांत होतं, आणि रस तांब्याच्या भट्टीकडे जातो.

म्हणून लेंडोरांचा नियम असा, की नांद नदीच्या पाण्यानं नुसती विसळायची. साबण नाही, ब्रश नाही, गरम पाणी नाही. वाशांवरची कोळिष्टकंसुद्धा काढायची नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिण्यासारखं त्यात काय आहे, असंच सगळ्यांना वाटायचं. चूक घडली ती त्यामुळेच.

सहा पिढ्या मी पाहिल्या. एकदा बिशपसाहेब आले. 'पाहणी' म्हणून एक पेला घेतला आणि पाहणी नीट झाली नाही म्हणून आणखी दोन घेतले. एकदा साता समुद्रापलीकडच्या प्रदर्शनातलं पदक आलं. ते अजून भट्टीच्या खिळ्याला टांगलेलं आहे आणि वाफेनं हिरवं झालं आहे. पण मला सगळ्यांत जास्त ठाऊक आहेत ते फिलोमेनचे हात. इझिकिएलची पणती. तिला सगळं गाव टांटी म्हणतं; आमच्याकडे आत्या, मावशी, काकू, सगळ्यांना मिळून हा एकच शब्द. टांटीचे भाऊ लंडनला गेले, न्यूयॉर्कला गेले. ती गेली नाही. चाळीस वर्षं तिनं हे गुऱ्हाळ एकटीनं चालवलं, आणि रोज सकाळी तळहात माझ्या फळीवर ठेवून "काय गं, मिस अँजेलिक?" असं विचारलं.

मग तिचे डोळे अधू होऊ लागले. तेव्हा तिनं भावाच्या नातीला बोलावून घेतलं. शर्मेन तिचं नाव. त्रिनिदादमध्ये शिकली, तिथेच दुधाच्या कारखान्यात नोकरीला होती. हुशार, कष्टाळू, आणि टांटीवर जीव टाकणारी. नाताळाच्या तीन आठवडे आधी ती आली. टांटी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी सेंट जॉर्जेसला निघाली होती. जाताना ती माझ्याच पुढे उभी राहून शर्मेनला म्हणाली:

"जानेवारीत ऊस येईल. पहिली नांद तू एकटीनं लावायची. मी परत येऊन चव बघेन. त्यात मला लेंडोर सापडली, तर किल्ली तुझी. नाही सापडली, तर फाटक मी माझ्या हातानं बंद करेन. दुसऱ्या चवीवर आपलं नाव मी लावू देणार नाही."

"सापडेल, टांटी."

"बघू," टांटी म्हणाली आणि काठी टेकत जीपकडे गेली.

आता आमच्या बेटाची एक सवय सांगते. नाताळाच्या आधी घर धुतल्याशिवाय इथल्या बाईला चैन पडत नाही. पडदे उतरतात, फरशी घासली जाते, अंगणातल्या दगडांना चुना लागतो. ज्या घरात नाताळाआधी धुणं झालं नाही, त्या घराची गावभर चर्चा होते. शर्मेननं टांटीचं घर धुतलं. पडदे बदलले. दगड रंगवले. ऑफिस धुतलं. हात थांबेनात, आणि मग ती आंबवणीच्या खोलीत आली.

तिच्या नजरेनं मला बघा. शंभर वर्षांचा काळा थर. कडेला चिकट राप. वर कोळिष्टकं. दुधाच्या कारखान्यात ती लखलखत्या पोलादात चेहरा बघून काम करत आली होती. ती माझ्या काठावर हात ठेवून म्हणाली, "मिस अँजेलिक, बिचारी गं तू! कोणी लक्षच दिलं नाही ना तुझ्याकडे?"

काहिलींवरची जोसलिन दारात उभी होती. ती म्हणाली, "पोरी, टांटीला विचारलंस का?"

"टांटी बघेल तेव्हा खूश होईल बघ."

"क्युथबर्टला तरी विचार." क्युथबर्ट म्हणजे नांदांवरचा मुकादम. तो आईकडे कारियाकूला नाताळाला गेला होता.

"क्युथबर्ट स्वतः कधी धुतला जातो, ते आधी त्याला विचारायला पाहिजे," शर्मेन म्हणाली. जोसलिन हसली, आणि विषय तिथेच संपला.

आधी धुण्याचा सोडा. मग चुना. मग उकळतं पाणी, तीनदा. बाकीच्या पाच जणींनाही तेच. मित्रांनो, खोटं सांगत नाही, तिचे हात फार मायेचे होते. माझ्या पोटात उतरून ती गुडघ्यांवर बसली होती. प्रत्येक फळी घासताना नाताळाचं गाणं गुणगुणत होती. आणि तिच्या त्या मायेच्या हातांखाली माझी मंडळी एकेक करून जात होती. मला ओरडता येत नाही. मी लाकूड आहे. संध्याकाळी मी गोरीपान झाले होते आणि आतून रिकामी.

जानेवारी आला. चरक फिरला. आटवून निवलेला रस माझ्यात पडला. पहिला दिवस शांत. दुसरा दिवस शांत. तिसऱ्या दिवशी मी बोलायला हवं होतं.

चौथ्या दिवशी क्युथबर्ट कारियाकूहून परतला. टोपी काढून आत आला, आणि दारातच थबकला. मग माझ्या फळीला कान लावला. मग नाक. मग बोटानं फळी घासून बोट जिभेवर ठेवलं.

"हिला कोणी धुतलं?"

"मी," शर्मेन म्हणाली. "का?"

क्युथबर्ट उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसला. टोपी गुडघ्यावर ठेवली. "शर्मेन, हिच्यात राहत होते ते सगळे कुठे पाठवलेस?"

"कोण राहत होते?"

"लेंडोर," क्युथबर्ट म्हणाला.

तिला कळायला एक क्षण लागला. ती शिकलेली मुलगी होती. कारखान्यात तिनं हेच तर शिकलं होतं, की सोडा आणि उकळतं पाणी काय काय मारतं.

बाहेर आवारात ऊस येत होता. गाढवांवरून, ट्रकांतून. तोडलेला ऊस थांबत नसतो. शर्मेननं निरोप पाठवले, की तोड थांबवा. आणि विमानानं त्रिनिदादहून विरजणाची पुडी मागवली. कारखान्यातली, मोजून मापून बांधलेली.

"ती घातली तर होईल ना?" तिनं विचारलं.

"रम होईल," क्युथबर्ट म्हणाला. "लेंडोर होणार नाही."

"टांटीला कळेल?"

"टांटीचे डोळे गेलेत. जीभ नाही गेली. पण पट्टी बांधलेल्या माणसाला आपण काय सांगू ते खरं." असं म्हणून तो बाहेर निघून गेला. सल्ला द्यायचा नसला की क्युथबर्ट असाच बाहेर जातो.

शनिवारी दुपारी पुडी आली. शर्मेन शिडी चढून माझ्या काठाशी आली. तिनं पुडी फोडली. तिचा एक हात इझिकिएलनं कोरलेल्या अक्षरांवर होता आणि दुसऱ्या हातात ती उघडी पुडी होती. तेवढ्यात फाटकात जीपचा भोंगा वाजला. टांटी दोन दिवस आधीच घरी आली होती.

मित्रांनो, पुडी रिकामी करायला तिला दोन श्वासांचा वेळ होता. तो तिनं जाऊ दिला. पुडी हातात धरून ती खाली उतरली.

एका डोळ्यावर पट्टी बांधलेली टांटी जोसलिनच्या खांद्यावर हात ठेवून आत आली, आणि नेहमीसारखा तिनं तळहात माझ्यावर ठेवला. तो हात दचकला. तिला ठाऊक असलेली राप तिथे नव्हती.

"शर्मेन. मिस अँजेलिक गप्प का आहे?"

"मी धुतली तिला, टांटी."

"कशानं?"

"सोड्यानं. मग चुन्यानं. मग उकळत्या पाण्यानं. तीनदा."

"तीनदा!" टांटी म्हणाली. "आणि बाकीच्या?"

"सगळ्या."

"लेंडोरच आहेस. अर्धवट काम ठाऊकच नाही आपल्याला." कोणाला हसावं की रडावं कळेना. "हातात काय कुरकुरतंय?"

"त्रिनिदादचं विरजण."

"घालणार होतीस? मला न सांगता?"

शर्मेननं मान खाली घातली. "हो."

"मग घातलं का नाहीस?"

"हात खापरपणजीच्या नावावर होता, टांटी. दुसऱ्या हातानं ओतता येईना."

टांटीनं बसायला काहीतरी मागितलं. क्युथबर्टनं आपली बादली पुढे सरकवली. तिच्यावर बसून, काठीवर हनुवटी टेकून ती म्हणाली, "आता मी सांगते ते ऐका. मी हे कधी कोणाला सांगितलेलं नाही. बाटलीवर आपण छापतो ना, अठराशे त्र्याण्णवपासून अखंड? ते खोटं आहे."

जोसलिनच्या हातातला टॉवेल खाली पडला.

"जेनेट नावाचं मोठं वादळ आलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. छप्पर उडालं. नदी आत शिरली. या सहाही नांदा चिखलानं काठोकाठ. आईनं त्या खरवडून काढल्या; दुसरा इलाजच नव्हता. मग तिनं सगळ्या गावाला हाक घातली. रस पुन्हा आंबला. पण चव वेगळी आली. दोन हंगाम वेगळी. आणि आईनं त्यावर लेंडोर नाव लावलं. लोकांना कळलं होतं. पण वादळानंतर कोण बोलणार? मला ते आयुष्यभर खुपलं." ती उठली. "क्युथबर्ट, शंख फुंक. उद्या मरून आहे."

मरून म्हणजे आमच्याकडची इर्जिक. एका घराचं काम, सगळ्या गावाचे हात, आणि शेवटी एका भांड्यातलं जेवण. पण या मरूनला टांटीनं हात मागितले नव्हते. प्रत्येकानं आपल्या परसातला एक ऊस आणायचा, एवढंच. न धुतलेला. सालीवरची धूळ तशीच ठेवून. सेंट पॅट्रिकच्या घराघरात परसदारी जो ऊस उभा आहे, त्याची कांडी कोणत्या तरी पिढीत लेंडोरांच्याच शेतातून गेलेली आहे.

रविवारची प्रार्थना सुटल्यावर लोक आले. चर्चचे कपडे, खांद्यावर ऊस. आवारात मोठ्या भांड्यात नीरफणस, खारवलेलं मांस आणि नारळाचं दूध रटरटू लागलं. आणि शर्मेनची जी थट्टा सुरू झाली!

"शर्मेन, हा ऊस चालेल का गं? की साबण लावून आणू?"

"अगं बाई, माझा नवरा घेऊन जा धुवायला. तीस वर्षं आंबतोय, एकदा तरी स्वच्छ होऊ दे!"

"त्याला नको धुऊस, शर्मेन," कोणीतरी ओरडलं, "तो धुतला तर आत काही उरायचंच नाही!"

शर्मेन लाल झाली, पण पळाली नाही. न आंबलेला बिनकामाचा रस तिनं आधीच शेतात सोडून दिला होता. आता ती दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातातून ऊस घेत होती आणि प्रत्येकाला स्वतःच्या तोंडानं सांगत होती, "चूक माझी. मी न विचारता धुतली." ऊस सोलले गेले. साली माझ्यात पडल्या, वर ताजा कच्चा रस पडला. दारं-खिडक्या सताड उघडल्या. काहिलींवरच्या बायका माझ्याभोवती उभ्या राहिल्या:

*दार ठेवा उघडं गं, वारा आत येऊ द्या,*
*रुसली आमची नांद बाई, तिला हसू येऊ द्या.*

मी रुसले नव्हते. पण गाणाऱ्याला मध्येच कोण अडवणार?

एक दिवस गेला. तीन गेले. पाच गेले. शर्मेन खोलीतच जेवायची, क्युथबर्टशी पत्ते खेळायची आणि हरायची. सहाव्या दिवशी दुपारी माझ्या तळाच्या डाव्या फळीतून एक बुडबुडा सुटला आणि हळूच वर गेला. मग दुसरा. ही माझी जुनी मंडळी नव्हती. नवी होती, अडखळत बोलणारी, वेगवेगळ्या परसांतून आलेली. शर्मेनच्या हातातले पत्ते खाली पडले. क्युथबर्टनं मात्र पत्ते उचलून घेतले आणि म्हणाला, "डाव मोडला तरी तू हरलीच आहेस."

दोन आठवड्यांनी भट्टीतून पहिली धार उतरली. आवारात सगळे जमले. टांटीची पट्टी सुटली होती. तिनं पेला नाकाशी धरला, मग एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात ठेवला.

"रम चांगली आहे," ती म्हणाली. "लेंडोर नाही."

टांटीचा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. शर्मेन आत गेली आणि बाटल्यांवर चिकटवायच्या लेबलांचा गठ्ठा घेऊन आली. तो तिनं टांटीच्या मांडीवर ठेवला.

"फाटक बंद करायचं की नाही, ते तू ठरव, टांटी. पण ही रम मी विकणार असले, तर नावाशिवाय विकणार. आणि का, ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगणार."

"लोक हसतील."

"हसतातच आहेत."

"बिननावाची बाटली घेणार कोण?"

"मी घेईन," क्युथबर्ट म्हणाला. "आणि थट्टेची किंमत वळती करून घेईन."

टांटीनं लेबलांवरून हात फिरवला. मग कमरेच्या दोरीला बांधलेली फाटकाची किल्ली सोडवली. गाठ जुनी होती, वेळ लागला. "हे आईला जमलं नाही," ती म्हणाली. "मलाही जमलं नाही. बाटलीवरचं खोटं मी चाळीस वर्षं चालू ठेवलं. चव येईल गं. ती येईपर्यंत खरं बोलणारं कोणीतरी हवं होतं." आणि तिनं किल्ली शर्मेनच्या हातात ठेवली.

त्या दिवशी मी भरलेली होते. तरीही सांगते, त्याहून जास्त भरल्यासारखं मला कधी वाटलं नाही.

बिननावाच्या रमला गावानं लगेच नाव दिलं: धुतलेली. दुकानात लोक म्हणायचे, "एक धुतलेली दे." तीन हंगाम असे गेले. चौथ्या हंगामात टांटीनं घोट घेतला, आणि काही न बोलता लेबलांचा गठ्ठा शर्मेनकडे सरकवला. शर्मेननं पहिल्यांदा काय केलं असेल, तर त्यावरचा 'अखंड' हा शब्द काढून टाकला. गावात तक्रारी मात्र झाल्याच: धुतलेली का बंद केली? आम्हाला आवडायला लागली होती!

मित्रांनो, मी आंबवणीच्या खोलीबाहेर कधी गेले नव्हते. पण मागच्या मोठ्या वादळानंतर गेले. कारियाकूवर बेथेल नावाच्या माणसाचं छोटंसं गुऱ्हाळ होतं. वाऱ्यानं त्याची नांद उचलून समुद्रात टाकली. त्यानं निरोप पाठवला, की विरजण मिळेल का. शर्मेननं माझ्यातला फेस बादलीत भरला, वर ओलं पोतं बांधलं, आणि बोटीत ती बादली मांडीवर घेऊन बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "मासे का गं?"

"नाही," शर्मेन म्हणाली. "माझी खापरपणजी आहे."

धक्क्यावर बेथेल हात जोडून उभा होता. अभिमानानं तो म्हणाला, "मिस शर्मेन, नवी नांद तीनदा धुऊन ठेवलीय! अगदी चकचकीत!"

शर्मेन इतकी हसली, की बादली कोणाला तरी धरावी लागली. मग डोळे पुसत ती म्हणाली, "नवी आहे, चालेल. पण आजपासून, मिस्टर बेथेल, घासणी हातात घेण्याआधी विचारायचं."

"कोणाला विचारू?"

"ज्याचे हात त्यात झिजलेत त्याला. कोणीच नसेल, तर फळीला कान लावून हिला."

माझंही तुम्हा मुलांना एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूवर, जुन्या माणसावर माया करा, खूप करा. पण आधी विचारा. आणि न विचारता काही करून बसलात, तर शर्मेनसारखं दारात उभं राहून सांगा.

त्या नव्या नांदेत मी तिसऱ्या दिवशी बोलू लागले. शर्मेन तोवर कारियाकूलाच थांबली होती.